मन मोजायचं, पण कुणाचं?

बऱ्याच दिवसांनी इथे काही लिहितेय. निमित्त भाचीनं दिलं. मामेबहिणीची ही मुलगी मानसशास्त्रात पीएचडी करतेय. परवा रात्री तिचा फोन आला. "मावशी, एक प्रश्नावली पाठवलीय. तेवढं मराठी बघून दे ना, तुझं मराठी चांगलंय." असं कुणी म्हटलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढते. चष्मा शोधला, फाईल उघडली.

विषय होता : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींच्या मानसिक स्वास्थ्याचे मापन. शंभर जण नांदेडचे, शंभर लातूरचे. निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. आणि तुलनेसाठी दोनशे 'सामान्य व्यक्ती'.

मराठी तपासायला बसले आणि रात्री दोनपर्यंत त्या फाईलशी एकटीच भांडत बसले. सकाळी तिला चार पानी उत्तर धाडलं. तिचं उत्तर एका ओळीचं : "मावशी, पण तू स्वतः हेच केलं होतंस ना?"

लागलं. कारण खरं होतं. आता माझी चार पानं तिच्याकडे पडून राहण्यापेक्षा इथेच सगळं मांडते. नातेवाईक मंडळीही हे पान वाचतात, ठाऊक आहे मला. त्यांच्यासाठीही यात थोडं आहे. शेवटपर्यंत वाचा.

तर, २००८ सालची गोष्ट. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागायचा. आमच्या कॉलेजात एका मापनीची मराठी झेरॉक्स होती. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं उडालेली. तीच दरवर्षी सगळ्यांना पुरायची. कुणी ती शिक्षकांकडून भरून घ्यायचं, कुणी खेळाडूंकडून, कुणी विधवांकडून. माझ्या वाट्याला 'एचआयव्हीग्रस्त' आले. साठ फॉर्म भरून आणायचे, मध्यमान काढायचं, प्रमाण विचलन काढायचं, 'टी'चं मूल्य काढायचं, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत नाव छापून घ्यायचं. संपलं.

एका दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बाक होता. औषधाच्या रांगेतून माणूस सुटला की मी त्याला गाठायचे. बहुतेकांना परतीची एसटी धरायची घाई. पहिल्याच दिवशी एक बाई भेटली, पस्तिशीची असेल. वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवत होते. वाक्यं साधारण अशा थाटाची : 'माझ्या जीवनास निश्चित दिशा नाही असे मला क्वचितच वाटते.' आणि उत्तरं पाच : पूर्णतः सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्णतः असहमत. आता तुम्हीच सांगा, 'क्वचितच' आणि 'नाही'शी असहमत म्हणजे नक्की काय? मला अजून नीट सांगता येत नाही. ती बाई थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मधलं लिहा की."

"असं कसं? तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना."

"तुम्हाला बरं पडंल ते लिहा."

आणखी पाच-सहा वाक्यं झाल्यावर तिनंच मला प्रश्न विचारला. "हे लिवल्यावर गोळ्या बदलून मिळतेत का?"

मला कळेना. मग तिनं गालांना हात लावून दाखवले. गाल आत गेलेले होते, हातांच्या शिरा वर आलेल्या. "गावात आता तोंडावरूनच वळखतेत," ती म्हणाली.

हे कशामुळे होतं ते मला नंतर कळलं. सरकारनं मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू केली, तेव्हाच्या पहिल्या फळीतल्या स्वस्त गोळीत स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध असायचं. त्यानं असंख्य जीव वाचवले, यात वाद नाही. पण कित्येकांच्या गालांतली, हातापायांतली चरबी त्यानं झिजायची. पुढे २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं की हे औषध हळूहळू बंद करा. म्हणजे त्या बाईचं गाऱ्हाणं अगदी बरोबर होतं, आणि ते तिनं जगाच्या एक वर्ष आधी माझ्यापुढे मांडलं होतं. माझ्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागाच नव्हती. त्यातलं पुढचं वाक्य होतं, मी जशी आहे तशी स्वतःला आवडते का, अशा अर्थाचं. मी 'अनिश्चित'वर खूण केली आणि पुढे गेले.

साठ फॉर्म असेच भरले. निष्कर्ष निघाला : एचआयव्हीग्रस्तांचं मानसिक स्वास्थ्य सामान्य व्यक्तींपेक्षा कमी आहे, फरक ०.०१ स्तरावर सार्थ आहे. बाहेरच्या परीक्षकांनी पाठ थोपटली. वाण्याच्या दुकानात बसणाऱ्या पोरालाही जे ठाऊक होतं ते मी गणितानं सिद्ध केलं होतं!

आता भाचीकडे येते. माझा राग मोजण्यावर नाही, हे आधी सांगते. तिनं वापरलेल्या मापनीमागचा विचार तर मला फार आवडतो. कॅरोल रिफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली तो मांडला. दुःख नाही म्हणजे माणूस बरा आहे असं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बरं असण्याची सहा अंगं त्यांनी सांगितली : स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे संबंध, स्वायत्तता, भोवतालावर पकड, जगण्याचा हेतू आणि स्वतःची वाढ. ८४, ४२ आणि १८ विधानांच्या त्याच्या आवृत्त्या जगभर फिरतात. विचार मोलाचाच आहे. पण मूळ माप घेतलं गेलं ते शिकलेल्या, तब्येतीनं बऱ्या, खाऊनपिऊन सुखी अमेरिकनांवर. ते मुखेडच्या किंवा निलंग्याच्या बाईला लावायचं तर मधे बरंच काम करावं लागतं. आपल्याकडे ते काम म्हणजे शब्दकोश घेऊन एका रात्रीत केलेलं भाषांतर.

स्वायत्तताच घ्या. आपले निर्णय आपणच घेणारा, लोक काय म्हणतील याची फिकीर न करणारा माणूस तिथे जास्त गुण मिळवतो. आता समजा एक बाई आहे. तिचा नवरा गेला, सासूनं तिला घराबाहेर काढलं नाही. उलट सासूच रोज रात्री गोळीची आठवण करते, तारखेला सोबत येते. ती बाई प्रत्येक गोष्ट सासूला विचारून करते. मापनीच्या हिशेबात ती कमी स्वायत्त, म्हणजे कमी बरी. आणि जिला सगळ्यांनी टाकलंय, जिला विचारायला कुणीच उरलं नाही, तिनं खरी उत्तरं दिली तर ती स्वायत्ततेत वर. आता बोला!

दुसरी गोष्ट उलट्या विधानांची. अशा मापन्यांत बरीच विधानं मुद्दाम नकारार्थी असतात आणि त्यांचे गुण उलटे मोजतात. माणूस सगळ्यालाच 'हो हो' म्हणत सुटला तर ते पकडता यावं म्हणून. वाचून, विचार करून फॉर्म भरणाऱ्याला हे ठीक आहे. पण समोर शिकलेली बाई वही घेऊन बसलीय, मागे औषधाची खिडकी आहे, आणि या बाईला नाराज केलं तर पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचं काय, अशी धास्ती मनात आहे. तिथे माणूस 'हो' म्हणतो, नाहीतर 'मधलं लिहा' म्हणतो. मग तुम्ही मोजलं काय? तिचं मन, की तुमच्यापुढचा तिचा संकोच?

तिसरी गोष्ट शरीराची. भाचीनं जोडीला नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणीही घेतलीय, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, थकवा किती होता, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चाचणी चांगली आहे, जगभर वापरतात. पण थकवा कशाचा, हे कोण ठरवणार? झिडोव्ह्युडीन या औषधानं काहींचं रक्त कमी होतं, माणूस गळून जातो. इफाव्हिरेंझ हे रात्री घ्यायचं औषध बरीच वर्षं दिलं जायचं. त्यानं चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडून झोप मोडायची. क्षयरोग सोबत असला तर भूक जाते. म्हणजे निम्मे गुण गोळीचे आणि रोगाचे, पण नोंद मनाच्या खात्यावर! माणूस कोणती गोळी घेतो, रक्त किती आहे, हे विचारल्याशिवाय नुसती बेरीज करून त्याला 'मध्यम नैराश्य' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. उलटही होतं बरं का. खरंच खचलेल्या माणसाला 'गोळ्यांचा त्रास आहे, होईल कमी' म्हणून घरी पाठवतात. दोन्ही चुका त्यालाच भोवतात.

आणि त्या चाचणीतला नववा प्रश्न? जीव द्यावासा वाटतो का, हा. तो विचारायचा, '२' वर खूण करायची, आणि पुढच्या माणसाला हाक मारायची? मी त्या झाडाखाली बसून असंच केलं असतं. आमच्या मापनीत तो प्रश्न नव्हता, एवढंच माझं नशीब. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी, त्याच आवारात त्या माणसाला कुणाकडे न्यायचं हे ठरलेलं नसेल, तर तो प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क नाही. आज निदान टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तरी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून. नुसता क्रमांक देऊन सुटका होत नाही, पण भाचीच्या फाईलीत तोही नव्हता.

चौथी गोष्ट नांदेड विरुद्ध लातूर या तुलनेची. वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माझ्या साठांमध्ये कितीतरी जण त्या जिल्ह्यातले नव्हतेच. आपल्या गावचं कुणी रांगेत भेटू नये म्हणून लोक मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात औषधाला जातात. नांदेडहून लातूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, एसटीनं तीन-चार तास. रोजगार बुडवून, भाडं भरून माणूस हे का करतो? ही मजबुरीच त्याच्या मानसिक स्वास्थ्याची सगळ्यात खरी नोंद आहे. ती पुसून तुम्ही त्याला 'लातूरचा नमुना' म्हणणार आणि दोन जिल्ह्यांचे सरासरी गुण शेजारी शेजारी ठेवणार. शिवाय जो रांगेत आलाच नाही, ज्यानं गोळ्या सोडल्या, जी ऊसतोडीला गेलीय, तो आणि ती कुठल्याच नमुन्यात नाहीत. त्यांची मनं कोण मोजतंय?

पण खरा राग पाचव्या गोष्टीचा आहे. तो 'सामान्य व्यक्ती' या दोन शब्दांचा.

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात हासेगाव आहे. रवी बापटले या पत्रकारानं २००७ साली तिथे एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ मुलांसाठी सेवालय सुरू केलं. २००९ साली ती मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपापली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. देशभर बातमी झाली. ते पालक म्हणजे कोण? चांगली, कष्टाळू, मुलांवर जीव टाकणारी माणसं. भाचीच्या भाषेत 'सामान्य व्यक्ती'. त्या वेळी कुणी तिथे प्रश्नावली घेऊन गेलं असतं तर काय निघालं असतं? सेवालयातल्या मुलांचं स्वास्थ्य कमी, गावातल्या मुलांचं जास्त. ०.०१ स्तरावर सार्थ. आणि शिफारस? 'एचआयव्हीग्रस्त बालकांना समुपदेशनाची गरज आहे.'

मुलांना? ज्यांना वर्गात बसू दिलं नाही त्यांनाच समुपदेशन?

त्या मुलांनी पुढे 'हॅपी म्युझिक शो' काढला, गावोगाव जाऊन गाऊ लागली. काही मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. त्यांचं मन कशानं सावरलं? माझा अंदाज सांगते : डोक्यावर छप्पर, हक्काचं माणूस, वेळेवर गोळी, आणि टाळ्या वाजवणारे लोक. यातली एकही गोष्ट त्यांच्या डोक्याच्या आत नव्हती. आपण मात्र फुटपट्टी घेऊन डोक्याच्या आतच शोधतो.

साधा पैशाचा प्रश्न घ्या. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना अनुदान मिळू शकतं, २०२३ पासून महिना १,५०० रुपये. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि आजाराचा कागद जोडावा लागतो. म्हणजे पैसे हवेत तर चावडीपासून तहसीलपर्यंतच्या टेबलांवर आपला आजार ठेवायचा. पैसे नकोत तर लपवून ठेवायचा. या पेचात अडकलेल्या बाईला 'तुमच्या भोवतालावर तुमची पकड आहे असं वाटतं का' असं विचारणं म्हणजे काय म्हणायचं?

आता भाचीचा सवाल, आणि तो रास्त आहे : "मग मोजायचंच नाही का?"

मोजायचं! जे मोजत नाहीत त्याला पैसाही मिळत नाही. सीडी-४ पेशी मोजल्या म्हणून औषध कुणाला द्यायचं हे ठरलं. आधी २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळी सुरू होत नसे. हळूहळू ती रेष वर सरकली आणि २०१७ पासून आकडा काहीही असो, निदान झालं की औषध, असं धोरण आलं. व्हायरल लोड मोजला म्हणून हेही कळलं की विषाणू दाबलेला असेल तर तो जोडीदाराला जात नाही. २०११ सालच्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, त्यांत आपल्या पुण्यातलीही. लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराकडचं संक्रमण ९६ टक्क्यांनी कमी झालं. केवढी मोठी बातमी आहे ही! 'तू आता कुणाला धोका नाहीस' हे वाक्य. किती जणांपर्यंत ते पोचलंय, हे एकदा मोजा ना. माझ्या मते त्या एका वाक्यानं स्वास्थ्याचे जेवढे गुण वाढतील तेवढे दहा व्याख्यानांनी वाढणार नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ९०-९०-९० चं ध्येय ठेवलं. ९० टक्क्यांना निदान कळावं, त्यांतल्या ९० टक्क्यांना औषध मिळावं, त्यांतल्या ९० टक्क्यांचा विषाणू दबावा. पुढे ते ९५ झालं. २०१६ साली काही संशोधकांनी म्हटलं की चौथं ९० हवं : विषाणू दबलेल्यांतल्या ९० टक्क्यांचं जगणं बरं व्हावं. मी त्या बाजूची आहे. देशात आज सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतायत, त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तेव्हा मन मोजणं हे चैनीचं काम नाही. ते नीट करा, एवढंच म्हणणं आहे.

नीट म्हणजे कसं? याचं उत्तर मला झिम्बाब्वेत सापडलं, आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्याशी आहे. गोव्यात १९९६ साली 'संगाथ' ही संस्था उभी करणाऱ्यांतले डॉ. विक्रम पटेल त्याआधी हरारेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत लोक मनाच्या त्रासाला काय म्हणतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ऐकून घेतलं. लोक म्हणायचे 'कुफुंगिसिसा', म्हणजे विचार फार येणं. अशा लोकांच्याच शब्दांतून १४ प्रश्नांची यादी झाली. १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांच्या आवारात बाक टाकले आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या वस्तीतल्या आज्या बसवल्या. हीच यादी विचारायची, ऐकायचं, आणि एकेक अडचण सोडवायला हात द्यायचा. २०१६ साली या बाकांची रीतसर चाचणी छापून आली : २४ दवाखाने, ५७३ माणसं, त्यांतली दर पाचांमागे दोन एचआयव्हीसह जगणारी. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्ट कमी होता.

हे वाचलं तेव्हा मला माझा लिंबाखालचा बाक आठवला. तिथेही बाक होता आणि इथेही. तिथली आजी प्रश्न विचारून थांबली, मी प्रश्न विचारून एसटी धरली.

आणि 'विचार फार येणं'! माझ्या साठांतल्या निम्म्यांनी तरी हेच म्हटलं होतं. "डोस्क्यात इचार लई येतेत, बाई." कुणी म्हणालं "जीव लागंना," कुणी "रातच्याला धसका बसतोय," कुणी नुसतंच "टेन्शन." एवढा आयता शब्दकोश समोरून वाहत होता आणि मी 'अनिश्चित'वर खुणा करत बसले होते.

तेव्हा भाचीबाई, माझ्या अटी लिहून घे.

एक : आधी महिनाभर नुसती ऐक, कागद न काढता. मग लोकांच्या शब्दांत प्रश्न कर, आणि ते प्रश्न एचआयव्हीसह जगणाऱ्या चार जणांकडूनच तपासून घे. मावशीकडून नको. मला त्यातलं काय कळतं?

दोन : गोळी कोणती, रक्त किती, क्षयरोग आहे का, हे विचारल्याशिवाय गुणांची बेरीज करू नको.

तीन : नावं सांभाळ. आमच्या संमतीपत्रावर वर आजाराचं नाव होतं आणि खाली सही नाहीतर अंगठा. साठ जणांचं ते गाठोडं पिशवीत घालून मी एसटीत खुशाल झोपले होते. अहमदपूरच्या स्टँडवर ती पिशवी कुणी उचलली असती तर? आज तर कायदाच आहे. २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीसह जगणाऱ्यांवर संशोधन करता येत नाही, आणि त्यांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पण कायदा नसता तरी ती माणसं होतीच की.

चार : ज्याला विचारलंस त्याच्यासाठी त्याच दिवशी काहीतरी कर. गोळी बदलून हवी असेल तर डॉक्टरांपर्यंत ते पोचव. तुझ्या प्रबंधात तो रकाना नसला तरी.

आणि पाच, सगळ्यात महत्त्वाची : तुलनेला घेतलेल्या त्या दोनशे 'सामान्य' माणसांना सुखी आहात का हे विचारू नको. त्यांना विचार, तुमच्या मुलाशेजारी वर्गात असं मूल बसलं तर चालेल का? तिच्या हातचं जेवाल का? तिला खोली भाड्यानं द्याल का? हे गुण मांड. मग बघ, या गावांत अस्वस्थ कोण आहे ते.

ही पाचवी अट मी शिकले ती पुस्तकातून नाही. ते सांगते आणि संपवते.

त्या गाल बसलेल्या बाईचा फॉर्म भरून झाला, तेव्हा तिनं टपरीवरून चहा आणला. एकच. पैसे तेवढेच असतील. कपातला अर्धा बशीत ओतला आणि कप माझ्यापुढे धरला. "घ्या बाई. घसा सुकला असंल वाचून वाचून." मी म्हटलं, "मी चहा घेत नाही."

मी दिवसाला सहा कप चहा पिते. घरचे सगळे साक्षीदार आहेत.

चहानं, कपानं काही होत नाही हे मला तेव्हा पाठ होतं. पेपरात त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहून आले होते. तरी हात पुढे झाला नाही. ती काही बोलली नाही. बशीतला चहा पुन्हा कपात ओतला आणि हळूहळू प्याली. तिला कळलं होतं. अशी 'मी चहा घेत नाही' म्हणणारी शिकलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली असणार. आणि मी काय केलं? त्यानंतर पाच मिनिटांनी तिच्या फॉर्मवर 'इतरांशी संबंध' या रकान्यात कमी गुण मांडले. ते गुण तिचे नव्हते हो. ते माझे होते.

संध्याकाळी घरी आले तर आत्यानं पिशवी ओसरीवरच ठेवायला लावली आणि अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मी तिच्यावर ओरडले, मोठं भाषण दिलं. आत्या, तू हे वाचशील. तेव्हा मी तुला अडाणी म्हटलं होतं, त्याबद्दल माफ कर. दुपारचं मी तुला सांगितलंच नव्हतं. तू घाबरलीस ते माहीत नव्हतं म्हणून. मला सगळं माहीत होतं.

त्या काळ्या रेक्झिनच्या लघुप्रबंधात साठ माणसांचे गुण आहेत. एकसष्टावा फॉर्म भरायचा राहिलाय, तो माझा. भाचीबाई, तुझ्या नमुन्यात 'सामान्य व्यक्ती' कमी पडत असतील तर मी येते. आत्यालाही घेऊन येते. आमची मापं घे.

असो. फार लांबलं. चहा टाकते.